टाक्यांच्या भावाने कानबाई

हौसेला मोल नसतं असं ज्याने कोणी म्हणून ठेवलंय, त्याने एम्ब्रॉयडरीचं डिझाइन कधी विकत घेतलेलं नसणार. मी घेते, आणि तेही सुरतेत राहून. उधन्यात आमच्या गल्लीत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी एम्ब्रॉयडरीच्या मशिनांची खडखड ऐकू येते. एकेका खात्यात, म्हणजे कारखान्यात, रांगेने सुया लागलेल्या असतात आणि सगळ्या सुया एकाच वेळी एकच फूल काढत असतात. आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांचं पोट त्या खडखडीवर चालतं. अशा गावात एक बाई स्वतःच्या पगारातले पैसे घालून, कुणाची ऑर्डर नसताना, उशीच्या अभ्र्यावर फुलं काढत बसते, हे आमच्या लोकांच्या डोक्यातच शिरत नाही. माझे मिस्टर पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये आहेत. ते म्हणतात, तुझं म्हणजे हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे आणून खाण्यातलं आहे. मी म्हणते, खाऊ दे की. हलवायालाही जीभ असते.

मशीन घेतलं ते महापालिकेच्या मराठी शाळेतल्या माझ्या पगारातून, पै पै साठवून. घरगुती मशीन, एका सुईचं, जेवणाच्या टेबलावर मावणारं. पहिल्या दिवशी ते चालू केलं आणि मी जी उभी राहिले ती राहिलेच. इतकी वर्षं खात्यांच्या दारातून बघूनही माझी समजूत अशी होती की सुई कापडावर फिरते, आपण हाताने फिरवतो तशी. सुई कुठेही जात नाही. ती जागच्या जागी वर-खाली करते, आणि खाली रिंगमध्ये ताणलेलं कापड मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकत राहतं. सुई फुलाकडे जात नाही, फूलच पाकळी पाकळी करून सुईखाली येतं. गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडीवर जळलं, त्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. ते आश्चर्य अजूनही ओसरलेलं नाही. मशीन लावलं की मी आजही खुर्ची ओढून समोर बसते, हातात दुसरं काम घेत नाही.

मशीनच्या पोटात आधीपासून थोडी डिझाइनं होती. अस्वलं, जहाजाचे नांगर, इंग्रजी अक्षरं आणि आमच्याकडे कुणी न पाहिलेलं कसलंसं परदेशी फूल. महिन्याभरात घरातल्या प्रत्येक रुमालावर अस्वल बसलं. मिस्टरांनी मिलमध्ये डबा सोडताना ते अस्वल बाहेर काढायला नकार दिला, तेव्हा मला कळलं की मशीन घेणं ही नुसती सुरुवात होती. खरा खर्च डिझाइनचा. नेटवर दुकानं आहेत, बहुतेक परदेशातली, आणि तिथे अंगठ्याएवढ्या गुलाबाला दोन किलो तूरडाळीचे पैसे पडतात. हातात काय येतं? काहीच नाही. एक फाइल, जिला ना वास ना वजन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार. मी रागाने फोन बंद केला, भांडी घासली, आणि परत येऊन तो गुलाब घेतला.

मग कुणीतरी सांगितलं की वेडे, मार्केटमध्ये पेन ड्राइव्ह मिळतो, हजारो डिझाइनं, एका साडीच्या किमतीत. मी शाळा सुटल्यावर थेट रिंग रोडला गेले आणि विजयी वीराच्या थाटात पेन ड्राइव्ह घेऊन आले. मशीनला लावला तर मशीन एकेक फाइल नाकारत सुटलं. ती सगळी डिझाइनं मोठ्या खात्यांसाठीची. मोर होता तो दाराएवढा, वेल होती ती अख्ख्या साडीच्या काठाची. माझी रिंग वीतभर. शोधून शोधून एक बसेलसं सापडलं, ते निघालं ब्लाउजची एकच बाही. दुसरी बाही त्यात नव्हतीच. त्या रात्री मिस्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या वर्षी श्रावणात कानबाई आमच्या घरी बसणार होती.

आम्ही खानदेशातले, शिरपूरकडचे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई बसते. नारळाला देवी मानायचं, तिला सजवायचं, चौरंगावर बसवायचं, घरच्या गव्हाचे रोट करायचे, भाऊबंदांनी एकत्र बसून ते खायचे, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. इतकी वर्षं आमची कानबाई गावच्या घरी बसायची आणि आम्ही सगळे सुरतेहून गाडी करून जायचो. आता गावात सासूबाई एकट्या उरल्या. सगळे भाऊबंद इकडे, कुणी जवळच्याच सचिन गावाला, कुणी कामरेजकडे. तेव्हा ठरलं की यंदा देवीलाच सुरतेला आणायचं, आणि धाकटी सून असूनही मान माझ्या घराला मिळाला.

मला एकच गोष्ट करायची होती. देवीच्या मागे लावायच्या कापडावर मधोमध तिचा मुखवटा भरायचा, माझ्या मशीनवर. मी ते फोनवर सासूबाईंना उत्साहाने सांगितलं. मग त्या म्हणाल्या की मशीनचं कापड देवीला चालायचं नाही. ज्याला कुणाचा हात लागलेला नाही ते देवीपुढे कशाला? बाजारातून आणलेल्यासारखंच ते. तू आपली साडी लाव मागे, दरवर्षी लावतो तशी. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईशी मी कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाही. पण फोन ठेवला आणि ठरवलं की कापड करायचंच. डोळ्यांनी बघितल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत. नाही म्हणाल्या तर मात्र भरल्या घरात सगळ्या जावांसमोर मला ते कापड घडी करून कपाटात टाकावं लागणार होतं, आणि त्यानंतर मी त्या मशीनला परत हात लावला असता असं मला वाटत नाही.

कानबाईचं डिझाइन कुठेही विकत मिळत नाही. गणपती पन्नास प्रकारचे मिळतात, कृष्ण मिळतो, परदेशी साइटवर सांताक्लॉज तर ढिगाने. आमच्या देवीचं नाव टाकलं की पडद्यावर काहीच येत नाही. म्हणजे नवीन बनवून घ्यायचं. चित्राचं टाक्यांत रूपांतर करून देणारा जो असतो त्याला सुरतेत पंचिंगवाला म्हणतात, आणि तो टाक्यांच्या हिशोबाने पैसे घेतो, हजार टाक्यांना इतके. वराछाकडे एकाचं ऑफिस मिळालं. तिशीतला काठियावाडी मुलगा, दोन मोठे पडदे समोर, कानात सतत फोन, खात्यांचं काम इतकं की माझ्या वीतभर कामाला वेळ देणं हाच त्याचा उपकार. मी फोनमधला गेल्या वर्षीच्या कानबाईचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि विचारलं, "मासी, आ कई माताजी?"

मी सांगितलं. त्याने नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. तरी काम सुरू करण्याआधी त्याने दोन बोटं पडद्याला लावून कपाळाला लावली, आणि मग त्याच बोटांनी माउस धरला.

डिझाइन म्हणजे चित्र, असं मी तोवर समजत होते. चित्र त्याने पाच मिनिटांत काढलं. पुढचे दोन तास तो रस्ता आखत होता. सुई कुठून निघणार, कोणत्या अंगाने जाणार, एका भुवईवरून दुसऱ्या भुवईवर जाताना दोरा कशाखाली लपणार, कुठल्या वळणावर टाका आडवा पडायचा म्हणजे उजेड त्यावर वेगळा चमकेल. नथीच्या एका मोत्यासाठी त्याने तीनदा रस्ता बदलला. मग त्याने एक बटण दाबलं आणि पडद्यावर एक बारीक ठिपका धावायला लागला, आणि त्याच्या मागे मागे नथ उमटत गेली. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. दोन किलो तूरडाळीवरून ज्या गुलाबावर मी चिडले होते, त्याच्या पोटातही असा कुणाचातरी दोन तासांचा प्रवास होता, आणि मी त्याला वजन नाही म्हणत होते. मला त्या गुलाबाची माफी मागावीशी वाटली.

वाटलं खरं, पण भाव ऐकल्यावर मी लगेच घासाघीस सुरू केली. जित्याची खोड. तो दर सोडेना. म्हणाला, दर एकच आहे, टाके कमी करा, पैसे आपोआप कमी होतील. आता देवीच्या अंगावरचं काय कमी करायचं? नथ ठेवायचीच. मुंडावळ्या ठेवायच्याच. मुकुट काढला तर सासूबाई मलाच काढतील. त्याने पडद्यावर दाखवलं की निम्म्याहून जास्त टाके चेहरा पिवळ्या दोऱ्याने भरण्यात जातायत. मी म्हटलं, मग चेहरा भरूच नका. कापडच हळदीच्या रंगाचं घेते, तोच चेहरा. त्याला ते पटलं. पैसे निम्म्यावर आले आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी आले. निघताना तो म्हणाला होता की भरण नसल्यामुळे कापड गोळा होण्याची भीती आहे, म्हणून मी मधून सुरुवात करून बाहेर जातोय. मी हो हो म्हटलं. मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

कोणतंही नवीन डिझाइन आधी जुन्या कापडावर काढून बघायचं असतं. मी एरवी जुन्या चादरीच्या तुकड्यांवर बघते. पण हे घेऊन बसले तर हात धजेना. चिंधीवर कानबाई काढायची, आणि मग त्या चिंधीचं काय करायचं? पायपुसण्यांच्या गाठोड्यात टाकायची? मी नमुना काढलाच नाही. सरळ हळदी रंगाचं कोरं कापड आणून धुऊन, वाळवून ठेवलं.

सासूबाई शनिवारी सकाळी आल्या. घर धुऊन झालं होतं, गहू आले होते. दुपारी त्या ताटात गहू घेऊन निवडायला बसल्या त्या नेमक्या माझ्या टेबलाशेजारी, कारण पंखा तिथेच होता. मी मनाचा हिय्या केला. कापड रिंगमध्ये ताणलं, काळा दोरा ओवला, मशीन चालू केलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. त्यांनी एकदा चष्म्यावरून बघितलं. गहू निवडायचा वेग वाढला, त्यावरून काय ते मला समजलं.

सुई कापडाच्या बरोबर मधे उतरली. एक काळी कमान उमटली. मग तिच्याखाली दुसरी. मला वाटलं भुवई आहे. मग कमानीच्या आतला भाग सुईखाली आला आणि कापड गोल गोल फिरायला लागलं. डोळा होता. त्या कोऱ्या पिवळ्या कापडावर, ना कपाळ, ना नाक, ना चेहऱ्याची रेघ, एक उघडा डोळा आमच्याकडे बघत होता. कापड सरकलं आणि तसाच दुसरा उघडला. मशीन दोऱ्याचा रंग बदलायला थांबलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. नुसते दोन डोळे. मोठे, लांब, काजळ भरलेले, आणि ते पुढचं काही उमटायची वाट बघत नव्हते. ते पूर्ण होते.

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं होतं आणि पदर डोक्यावर घेतला होता. मग त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं ते मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण देवी सजवली जाते तेव्हा मी कायम चुलीपुढे रोट भाजत असायचे. आमच्यात देवीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. नथ, गजरा, चोळी, सगळं झाल्यावर घरातली थोरली बाई उपाशीपोटी काजळाने डोळे काढते. त्या क्षणापर्यंत नारळ असतो, त्यानंतर देवी. सासूबाईंच्या सासू लवकर गेल्या, त्यामुळे लग्नानंतरच्या काही वर्षांपासून दर श्रावणात ते डोळे सासूबाईंनीच काढले होते. आता मात्र डोळे सगळ्याआधी उघडले होते. माझ्या मनात आलं, संपलं. आता हे कापड कपाटातसुद्धा ठेवता येणार नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुना हात कोठे व्हता?"

मी मांडीवरचे हात तसेच दाखवले. कापडाला हात लागलेला नव्हता. मग मी घाईघाईने समजावायला लागले, की हे मशीन करतं, त्यातला रस्ता वराछाच्या मुलाने आखलाय, टाके वाचवायला चेहरा भरला नाही, कापड गोळा होऊ नये म्हणून त्याने मधून सुरुवात केली, मधे डोळे आले, चूक झाली. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या मुलाला कानबाई कोण ते ठाऊक होतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, त्याने नाव पहिल्यांदाच ऐकलं.

"मंग," त्या म्हणाल्या. "त्याले ठाऊक नही, तुना हात लागना नही. तिनीज उघडात डोया."

मी पुढचा दोरा हातात घेतलेला बघून त्यांनी माझं मनगट धरलं. आता शिवू नकोस, म्हणाल्या. तिला जेवढं यायचं होतं तेवढं ती आली. बाकीचं आपण माणसं करू, हाताने. त्यांनी देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा मागितला, रिंगमधल्या कापडावर दोन डोळ्यांच्या वर मधोमध कुंकवाचं एक बोट टेकवलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू. ती नथ, तो मुकुट, त्या मुंडावळ्या, ज्यांच्यासाठी मी एका अनोळखी मुलासमोर दोन तास बसले आणि पैसे मोजले, ते सगळं फाइलमध्येच राहणार होतं. बरं, कापड मान्य झालं तेही कशामुळे, तर त्याला माझा हात लागला नाही म्हणून. आठवड्यापूर्वी हाच दोष होता, आज हेच स्वयंभूपण झालं. माझी हौस, माझा पगार, माझं सगळं मधून अलगद गळून गेलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन मिस्टरांपुढे धुसफुसले. ते भाजीचं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत होते. ते म्हणाले, तुला कापड लावायचं होतं, कापड लागतंय, आता काय? मी परत बाहेर आले तर सासूबाई त्या कापडासमोरच बसलेल्या, गहू तसेच, आणि त्यांना मी आल्याचंही कळलं नाही. पन्नास वर्षं देवीचे डोळे काढणारी बाई पहिल्यांदा ते दुसऱ्या कुणीतरी काढलेले बघत होती. आपल्यालाही ते बघायला मिळतील असं तिला कधी वाटलं नसावं. माझा राग तिथेच कुठेतरी खाली बसला.

रविवारी संध्याकाळी भाऊबंद आले. सचिनच्या जावा आल्या, कामरेजची चुलत सासू आली, लेकरांनी घर भरलं. चौरंगावर नारळ सजला होता, सासूबाईंनी नेहमीसारखे त्याला काजळाचे डोळे काढले होते, आणि मागे भिंतीवर हळदी कापडावर ते दुसरे डोळे होते. दारातून येणारी प्रत्येक बाई बोलत बोलत आत यायची आणि चौरंगासमोर आल्यावर तिचं बोलणं तुटायचं. कुणीही बाकीचा चेहरा कुठाय असं विचारलं नाही. खोलीत कुठेही उभं राहिलं तरी ते डोळे आपल्याकडेच आहेत असं वाटत होतं, आणि त्यांची भीती वाटत नव्हती. थोरल्या जावेला शिवणातलं कळतं. ती पुढे होऊन टाके निरखून बघायला लागली. तिने विचारलं, हे केलं कोणी?

मी ओवाळायचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. डिझाइन, पंचिंग, टाक्यांचा भाव, दोऱ्याचा नंबर, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"कोनी नही," सासूबाई म्हणाल्या.

जावेने मान हलवली, जणू हेच उत्तर तिला अपेक्षित होतं, आणि ती वाकली. तिच्या मागे बाकीच्या वाकल्या. मी ताट खाली ठेवलं आणि वाकले. त्या क्षणी मला कुणी शपथेवर विचारलं असतं तरी मीही तेच सांगितलं असतं.